लाख भरलेला धोटा

कीर्तनातून मधेच उठून जाणारा माणूस मी नव्हे. आरती झाल्याशिवाय आणि कपाळाला बुक्का लागल्याशिवाय मांडी मोडायची नाही, ही माझी लहानपणापासूनची सवय. पण अधिक महिन्याच्या आठव्या दिवशी, सकाळी साडेनऊला, इतवारीतल्या आमच्या देवळात तुळसाबाईंचं आख्यान ऐन रंगात आलेलं असताना मी उठलो.

शेजारी बसलेल्या चंपतरावांनी माझं धोतर ओढलं. "काहून गा रुपराव? बीपी वाढला का?"

"नाई, जरा काम हाये."

"कीर्तनात काम? तुले?"

 काय सांगणार होतो? तुळसाबाईंच्या चिपळ्या मी पंधरा वर्षं ऐकतो आहे. शिसमाच्या आहेत, वाजल्या की कशा मोत्यासारख्या वाजतात. त्या दिवशी मात्र प्रत्येक ठोक्याच्या शेपटाला बारीक खरखर येत होती. सभामंडपात दोनशे माणसं बसली होती, कोणालाही ती ऐकू आली नसेल. मी सुतार आहे. चीर गेलेलं शिसम असं बोलतं, हे मला कळतं. त्या खरखरीनं मला उठवलं, कारण मी स्वतः एका चिरलेल्या शिसमाची वस्तू करून दिली होती, आणि ती या क्षणी हिंगण्याला एका मागावर धावत होती.

तर ती गोष्ट अशी.

लकडगंजात माझं लहानसं दुकान आहे. फर्निचर मी करत नाही. मी सुतारांची हत्यारं करतो, म्हणजे रंध्याचे लाकडी ठोकळे, पटाशीच्या मुठी, पटाशी ठोकायच्या मोगऱ्या, काटकोन तपासायचे गुण्ये. सगळं काळ्या शिसमाचं. लोक विचारतात, आता मशिनी आल्या, हे कोण घेतं? घेतात. ज्याला हाताची सवय आहे तो शिसमच मागतो. एक तर ते जड असतं, रंधा आपल्याच वजनानं फळीवर बसतो, माणसाला दाबावं लागत नाही. दुसरं म्हणजे ते वाळलं की वाळलं. नागपूरच्या मे महिन्यात सागाच्या फळ्या पापडासारख्या उचलतात, शिसम जागचं हलत नाही. आणि त्याच्या अंगात तेल असतं. हातात वापरत गेलं की ते तेल वर येतं, मूठ काळी, गुळगुळीत होत जाते, जणू लाकडानं आपला हात ओळखून ठेवला आहे.

पण त्या तेलाचीच दुसरी बाजू अशी, की शिसम गोंद धरत नाही. लाख भरा, सरस भरा, काही भरा. काही दिवस गप्प बसेल आणि ऊन लागलं की बाहेर ढकलून देईल. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. मला माहीत होतं. माहीत असून मी केलं.

अधिक लागायला पाच दिवस होते तेव्हा भागीरथाबाई दुकानात आल्या. साठी कधीच उलटलेली, बारीक अंगाची बाई. कोष्ट्याचं घर. पूर्वी त्यांचे माग इकडेच गोळीबार चौकाकडे होते. पुढे मुलगा पंकज हिंगण्याच्या कारखान्यात लागला, तिकडेच घर घेतलं, आणि आईसाठी मागच्या खोलीत एक माग ठेवला. वडिलांच्या वेळेपासून त्यांचे धोटे आमच्याकडूनच जायचे. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचं वीतभर लाकूड. मधल्या खोबणीत सुताची कांडी बसते आणि तो ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या धाग्यांमधून इकडून तिकडे फेकायचा.

"रुपराव, माया धोटा फुटला गा," त्या म्हणाल्या. "माया पोरीच्या दामिनीचं लगन हाये अधिक संपल्यावर. नातीले माया हातची साडी पाह्यजे. रेशमाचा ताणा तयार हाये. पण अधिकात नवं काई सुरू करता येत नाई, म्हणून त्याच्या आत मागावर चढवून पहिला धागा टाकाचा हाये. देशीन ना करून?"

"देतो ना मावशी."

"शिसमाचाच पाह्यजे. हलका धोटा माया हाताले समजत नाई."

माझ्याकडे पुरता वाळलेला शिसमाचा एकच तुकडा होता. चार वर्षं सावलीत ठेवलेला, तडकू नये म्हणून दोन्ही टोकांना शेण लिंपलेला. त्यातून धोटा कोरला. अधिक लागायच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची कानस मारताना एका टोकाजवळ केसासारखी रेघ दिसली. नखानं चाचपली. चीर होती.

पाच वाजता पंकज धोटा न्यायला येणार होता. दुसरं लाकूड नव्हतं, दुसरा दिवस नव्हता. मी लाख वितळवली, तीत शिसमाचाच भुसा कालवला आणि चीर भरली. वरून घासलं, मेण लावलं. काळ्या लाकडात काळी रेघ; मला स्वतःला सापडेना. पंकजनं धोटा हातात फिरवला आणि म्हणाला, "काका, आरशावानी झाला." तेव्हा मी हसलो होतो.

मोगरीच्या मुठीत अशी लाख चालून जाते. धोट्यात नाही. धोटा दिवसभर धावतो, तापतो, लाख मऊ पडते. चिरेची कड उचलली की ती पात्यासारखी होते, आणि खाली रेशमाचे हजारो धागे असतात.

देवळातून निघालो तो थेट दुकानात. धोट्याच्या तुकड्याचा उरलेला शेंडा फळीवर पडला होता. चीर त्याच्यातूनच पुढे आलेली, आणि रंग जुळतो का पाहायला मी आधी याच शेंड्यात लाख भरली होती. उचलून पाहिलं. पत्र्याखालच्या उन्हानं लाख वर आली होती. नखानं दाबली तर काळी काडी टपकन खाली पडली.

 बाहेर दहा वाजताच चाळीस डिग्री ऊन होतं.

पंकजला फोन लावला. बंद. सात ते साडेतीन शिफ्ट, फोन लॉकरमध्ये. त्याची बायको भारती, तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. घरी येऊन बायकोला, रुखमाला सांगितलं. ती पापड लाटत होती, लाटणं थांबलं.

"आठ दिवस झाले, अन् आता सांगून राहिले?"

"मले वाटलं, टिकन."

"वाटलं! अवो, त्या बुढीनं ताण्याले किती दिवस लावले असतीन, त्याचा तरी विचार कराचा होता." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "जा तुम्ही. पण गाडी घेऊन नका जाऊ या उन्हात, चक्कर येऊन पडसान. मेट्रोनं जा. अन् कांदा ठेवा खिशात."

पिशवीत पटाशी, कानस, बारीक करवत आणि घासपेपर टाकला. कांदाही टाकला.

टेलिफोन एक्स्चेंजजवळ मेट्रोत बसलो. आत गारवा, पण माझ्या पाठीला घाम. मी हिशेब करायला लागलो आणि तो थांबेना. सराईत बाईचा हात मिनिटाला किती वेळा धोटा टाकतो? तासाला किती? आठ दिवसांत किती? प्रत्येक फेरीला ते टोक धाग्यांवरून जात असणार. सीताबर्डी आलं. धरमपेठ आलं. प्रत्येक स्टेशनावर दारं उघडी राहतात तेवढा वेळही मला सहन होईना. नामस्मरण करावं म्हणून डोळे मिटले, तर नामाच्या जागी खट् खट् असा मागाचाच आवाज ऐकू यायला लागला.

समोर कारखान्याचा निळा शर्ट घातलेला एक जण बसला होता. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत होता.

"काका, दवाखान्यात चालले का?"

"नाई गा. हिंगण्याले."

"मंग चेहरा असा काहून? कोणाची मयत हाये का?"

"अजून झाली नाई," मी म्हणालो आणि माझं मलाच वाईट वाटलं. त्याला थोडक्यात सांगितलं. तो गालातल्या गालात हसला, पण थट्टा केली नाही.

"मी धम्मानंद. बाराच्या शिफ्टले जातो. स्टेशनाखाली माई गाडी हाये, तुमाले सोडून देतो. आमच्याकडे एक बोल्ट ढिल्ला राह्यला तर पूर्ण लाइन बंद करतात, काका. पण पह्यले सांगाले कोणी पुढं येत नाई."

लोकमान्य नगरला उतरलो. त्यानं मला मोटारसायकलवर घेतलं, तोंडाला आपला दुपट्टा बांधायला दिला आणि दहा मिनिटांत पंकजच्या गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं. गाडी निघून गेली आणि मी कान दिला. भागीरथाबाईंचा माग गल्लीतून ऐकू येतो, हे मला ठाऊक होतं.

आवाज नव्हता.

चालत असेल तर बरं की थांबला असेल तर बरं, हेही मला समजेना. दारावर थाप मारली. भारतीनं दार उघडलं. तिच्या हातात डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती.

"या काका. तुमाले कोणी सांगतलं?"

"काय सांगतलं?"

"आईचं." तिनं आवाज खाली आणला. "चार दिवसांपासून धागे तुटून राहिले. पहिले दोन तुटले, मंग पाच, आज सकाळपासून अकरा. आई म्हणते डोळे गेले माये, हात सुटला. माग बंद करून बसल्या. दामिनीले फोन करून सांगतलं, साडी इतवारीतून घेऊ म्हणून. पोरगी तिकडे रडून राहिली, ह्या इकडे रडत नाई अन् जेवतबी नाई."

मागच्या खोलीत कूलरचा आवाज होता. भागीरथाबाई मागापासून दूर, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मागावर साडी होती, पाच-सहा हात विणलेली, डाळिंबी रंगाची, काठ पिवळा. त्यापुढे उघडा ताणा, पाण्यासारखा चमकणारा. आणि त्याच्यावर आडवा ठेवलेला माझा धोटा.

"ये गा रुपराव, बस. पाणी दे वं याले भारती," त्या म्हणाल्या. नजर माझ्यावर होती, पण त्या मला पाहत नव्हत्या. "तुले तकलीफ दिली मी. घाई करून धोटा करून घेतला अन् आता कामी नाई आला. तुया धोट्यात काई खोट नाई गा, आरशावानी हाये. मायेच डोळे खराब झाले. पन्नास वर्स इमान राखलं त्यायनं, आता थकले. चाल्ले आता."

मी धोटा उचलला. अंगठा टोकाकडे नेला. लाख निम्मी गेली होती. चिरेची कड तांदळाच्या टोकाएवढी उभी होती, अंगठ्याला टोचली.

खरं सांगतो. माझ्या पिशवीत घासपेपर होता. 'जरा बाहेर नेऊन पाहतो मावशी' म्हटलं असतं तर दोन मिनिटांत ती कड बसवली असती. पुन्हा लाख, पुन्हा मेण. धागे तुटायचे थांबले असते, त्यांना वाटलं असतं की औषधाचा गुण आला, आणि त्यांनी मलाच आशीर्वाद दिला असता. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. ते आपोआप माझ्या डोक्यात तयार होऊन आलं, जसं त्या दिवशी लाखेचं आलं होतं.

भारती त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, मान वर करा." त्यांनी मुकाट्यानं मान वर केली. भारतीनं पापणी ओढून थेंब टाकला. त्या पाणावलेल्या उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत राहिल्या.

"मावशी," मी म्हणालो, "डोळ्याले काई झालं नाई तुमच्या. धोट्याले चीर हाये. मले तवाच दिसली होती. मी लाख भरून दिली."



भागीरथाबाईंनी मान खाली केली. औषध गालावरून ओघळलं, ते त्यांनी पदरानं पुसलं. "आण इकडे." मी धोटा हातात दिला. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंच नाही. टोक गालावर घासलं, हळूच. थांबल्या. पुन्हा घासलं.

"तुले तवाच दिसली होती?"

"हो."

"अन् मी चार दिवस माया डोळ्याले शिव्या देऊन राहिली!" त्यांचा आवाज एकदम चढला. "भारती, ऐकलं का वं? या बाबाची करामत पाय! मले वाटलं, म्हातारी झाली, संपली. नातीले रडवलं मी फोनवर! कपाळाले बुक्का लावून फिरते अन् लाख भरून देते! काहून नाई सांगतलं? मी धोटा फुकट मांगत होती का?"

"अधिक लागत होता उद्या. तुम्ही म्हणाल्या..."

"माया तोंडावर नको टाकू! अधिकाच्या आत ताणा चढवाचा होता, फुटका धोटा नाई!"

बरोबर होतं.  भारती म्हणाली, "आई, आता काय कराचं ते पाहा. काका, दुसरा आणसान का?"

"वाळलेलं लाकूड नाई. ओल्याचा केला तर महिन्यात वाकडा होईन." मी पिशवीतून हत्यारं काढली. "टोक कापून पाहतो. चीर खोबणीपर्यंत गेली नसन तर दोन्हीकडून सारखं कापून, घासून नवं टोक काढता येते. आखूड होईन, पण चालन. खोबणीपर्यंत गेली असन, तर मंग..."

"तर मंग?"

"मंग काई नाई मावशी. मंग लाकूड गेलं."

कापायचं, पण कुठून? काळ्या शिसमात ती रेघ पुढे कुठवर गेली आहे हे दिसेना. खिडकीत धरलं, मोबाइलच्या उजेडात धरलं. लाकूड काही सांगेना. याच काळेपणाच्या आडोशाला मी लपलो होतो. आता तोच माझ्यावर उलटला होता.

"भारती, तोंडाले लावाची पावडर हाये का घरात?"

ती डबा घेऊन आली. मी पटाशीनं लाख खरवडून काढली, टोकावर पावडर चोळली आणि फुंकर मारली. वरची उडाली, चिरेत बसली ती राहिली. काळ्या अंगावर पांढरी रेघ उमटली, टोकापासून निघून खोबणीकडे गेलेली. तिघांनीही माना वाकवल्या. भागीरथाबाईंचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता.

रेघ खोबणीच्या एक बोट अलीकडे संपत होती. वरून. आतून कुठवर होती, देव जाणे.

रेघ संपली त्याच्याही पुढे अर्धं बोट धरून कापलं. पावडर चोळली. रेघ होती. आणखी तांदळाएवढं कापलं. चोळली. होती, पण पुसट. करवतीखाली शिसमाचा तो गोडसर वास उठला. एरवी तो आला की मला बरं वाटतं. करवत सरकू नये म्हणून मी कोपर गुडघ्यावर दाबून धरलं. आणखी एक काप. आता खोबणीची भिंत जेमतेम नखाएवढी जाड राहिली होती. यापुढे कापायला जागा नव्हती.

पावडर चोळली. फुंकर मारली.

"दिसते का?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता.

भागीरथाबाईंनी धोटा घेतला, खिडकीकडे नेला आणि बराच वेळ धरून ठेवला. "नाई," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून गालावर फिरवला. "नाई."

मी दुसरं टोकही तेवढंच कापलं, वजन दोन्हीकडे सारखं राहावं म्हणून. दोन्ही टोकं निमुळती केली, कानस मारली, पेपर मारला, शेवटी नुसत्या तळहातानं घासलं. शिसमाचं तेल वर आलं. लाख नाही, मेण नाही. तासभर गेला असेल. भारतीनं दोनदा पाणी आणून ठेवलं, मी प्यालो की नाही आठवत नाही.

"उद्या सकाळी ये," भागीरथाबाई म्हणाल्या. "परवाबी. साडी उतरेस्तोवर रोज मी मागावर बसाच्या आधी येशीन अन् पावडर लावून दाखवशीन मले. आठ वाजता."

"आठ वाजता येतो."

"कीर्तन रायते ना तुये तवा?"

"रायते."

"मंग राहू दे ते." त्यांनी पुढे काही ऐकून घेतलं नाही. उठल्या, पदर खोचला, माग न्याहाळला. तुटलेले धागे भारतीनं आधीच जोडून ठेवले होते. कांडी खोबणीत बसवली, धोटा उजव्या हातात तोलला. आखूड झालेला तो धोटा त्यांच्या तळहातात अनोळखी दिसत होता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि कूलरकडे पाहिलं, मागाकडे बघवेना म्हणून.

पहिली फेरी गेली. फणीचा ठोका पडला. परत आली. दुसरी. तिसरी. मी मोजत होतो. आठ. नऊ. दहा.

अकराव्या फेरीला टक् असा बारीक आवाज झाला आणि ताण्यातला एक धागा दोन्हीकडे सैल पडला.

 भारतीनं तोंडावर हात धरला. भागीरथाबाई थांबल्या. त्यांनी धोटा बाहेर काढला, दोन्ही टोकं गालावर फिरवली, सावकाश, एक एक करून. मग तुटलेल्या धाग्याची टोकं चिमटीत धरून पाहिली.

"हा मी तोडला," त्या म्हणाल्या. "धोटा आखूड झाला, अन् मी जोर पह्यलेवानीच लावला. हात शिकला नाई अजून."

त्यांनी डोळे बारीक केले, सुईसारख्या बोटांनी गाठ मारली, दातानं शेपूट तोडलं आणि धोटा पुन्हा टाकला, या वेळी हलक्या हातानं.